साथीच्या गणितातील अनिश्चितता

साथरोगाचे गणिती प्रतिरूप म्हणजे लागण माणसामाणसांत कशी पसरते याविषयीची समजूत समीकरणांत मांडण्याची रीत. सर्वांत साध्या प्रतिरूपात लोकसंख्येचे तीन गट पाडतात. ज्यांना अजून लागण झालेली नाही पण होऊ शकते, त्यांचा पहिला गट. ज्यांना लागण झाली आहे आणि जे ती इतरांना देऊ शकतात, त्यांचा दुसरा. बरे होऊन किंवा दगावून जे साखळीबाहेर पडले, त्यांचा तिसरा. एका गटातून पुढच्या गटात माणसे कोणत्या वेगाने सरकतात, एवढेच समीकरणे सांगतात. सुरुवातीला पहिला गट मोठा असल्याने साथ भराभर वाढते. तो गट आटत गेला की रोगाला नवा बळी सापडणे अवघड होते आणि साथ ओसरते. चढ, शिखर आणि उतार असा घंटेच्या आकाराचा वक्र यातून मिळतो.

अशा प्रतिरूपाकडून तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: लागण किती जणांना होईल, शिखर कधी येईल आणि कोणत्या उपायाने किती फरक पडेल. उत्तर एका आकड्यात मिळाले की ते पक्के वाटते. पण त्या आकड्यात अनिश्चितता अनेक वाटांनी शिरलेली असते: अपुऱ्या नोंदींतून, अंदाजाने धरलेल्या वेगांतून, निव्वळ योगायोगातून, प्रतिरूपाच्या बांधणीतून आणि माणसांच्या बदलत्या वागण्यातून. प्रत्येक वाट वेगळी आहे, म्हणून तिच्यावरचा इलाजही वेगळा आहे.

मुंबईच्या प्लेगचा वक्र

या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हमखास दिसणारी एक आकृती मुंबईची आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. त्यानंतर कित्येक वर्षे तो शहरात पुन्हा पुन्हा उसळत राहिला. प्लेगच्या मृत्यूंची आठवडावार नोंद होत असे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील नोंदी घेऊन विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये वर सांगितलेल्या तीन गटांच्या प्रतिरूपाचा आपला सिद्धान्त तपासला. केरमॅक हे प्रयोगशाळेतील अपघातात १९२४ मध्ये दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत राहिलेले आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले डॉक्टर. दोघेही तेव्हा एडिंबरोत होते.

त्यांच्या सूत्रानुसार मृत्यूंचे शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यास येते आणि त्या आठवड्यात सुमारे ८९० मृत्यू होतात. नोंदींचे ठिपके या वक्रावर जवळजवळ नेमके बसले. प्लेगचे ८० ते ९० टक्के रोगी दगावत असल्याने मृत्यूंचा आकडा रोग्यांच्या आकड्याच्या जागी धरणेही चुकीचे नव्हते.

दोघांनी आकृतीच्या जोडीला आपली गृहीतके लिहून ठेवली आहेत. माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, सर्व उंदरांना लागण होण्याची शक्यता सारखीच आहे, प्रत्येक उंदराच्या आजारपणात लागणीचा आणि मृत्यूचा वेग एकच राहिला आहे, आणि रोग पसरवणाऱ्या पिसवा इतक्या आहेत की लागण थेट स्पर्शाने झाल्यासारखीच मानता येते. यांतले कोणतेही गृहीतक काटेकोरपणे खरे नाही, त्यामुळे मिळालेले सूत्र फार ढोबळ आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. पुढे आकृती पाठ्यपुस्तकापाठोपाठ पाठ्यपुस्तकात छापली गेली. हा इशारा मात्र बहुतेक वेळा मागेच राहिला.

इशारा किती महत्त्वाचा होता, हे नंतरच्या अभ्यासाने दाखवले. केरमॅक-मॅकेंड्रिक यांच्या समीकरणांत साथ ओसरते ती लागण होण्याजोगे जीव संपत आल्यामुळे. पण मुंबईत प्लेग साधारण दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस वाढे, वसंतात शिखर गाठी आणि उन्हाळा तापला की उतरे. पिसवांचे जगणे आणि रोगजंतू पुढे नेण्याची त्यांची क्षमता हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये दाखवले की ऋतुमानाचा हा परिणाम धरून केलेले प्रतिरूपही त्याच नोंदींशी जुळते. ठिपके तेच, वक्रही जवळपास तोच, पण कारणे दोन. पहिले कारण खरे मानले तर पुढच्या वर्षी शहर बऱ्यापैकी सुरक्षित ठरते. दुसरे खरे असेल तर हिवाळा सरताना प्लेग परत येतो. मुंबईत तो वर्षानुवर्षे परत येत राहिला.

वक्र नोंदींशी जुळला म्हणजे त्यामागचे कारणही खरे ठरले, असे होत नाही, ही मुंबईच्या आकृतीची शिकवण आहे. एकाच नोंदीतून दोन कारणे वेगळी काढता येत नसतील, तर तिसऱ्या ठिकाणची माहिती आणावी लागते. प्लेगच्या बाबतीत ती माहिती उंदरांत आणि पिसवांत होती. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिन संस्थेत, ती गोळा केली.

शून्याचे दोन अर्थ

मॅकेंड्रिक यांनी १९२६ मध्ये मांडलेले एक लहान उदाहरण तितकेच बोलके आहे. भारतातील एका गावात कॉलऱ्याची साथ आली. गावात २२३ घरे होती. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नव्हता. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार रोगी होते. एकूण रोगी ८६.

सर्व घरांना सारखाच धोका असता आणि हे ८६ रोगी केवळ योगायोगाने वाटले गेले असते, तर एक रोगी असलेली घरे सुमारे ५८ आणि तीन रोगी असलेली जेमतेम एक किंवा दोन निघाली असती. प्रत्यक्षात एक रोगी असलेली घरे फार कमी आणि तीन रोगी असलेली फार जास्त होती. म्हणजे धोका सारखा नव्हता. मॅकेंड्रिक यांनी रोगी नसलेली घरे बाजूला ठेवली आणि फक्त रोगी असलेल्या घरांच्या आकड्यांवरून हिशेब केला. धोक्यात असलेली घरे सुमारे ९३ असावीत, असे उत्तर आले. त्यांपैकी ५५ घरांत रोगी होतेच, उरलेली सुमारे ३८ नशिबाने वाचली. बाकीच्या १३० घरांपर्यंत रोग पोहोचण्याची वाटच नव्हती. यावरून त्यांनी तर्क केला की ९३ घरे एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. गावात चौकशी केल्यावर तसेच आढळले.

नोंदवहीतल्या प्रत्येक शून्यात दोन अर्थ मिसळलेले असतात: धोका असूनही वाचलेले आणि धोकाच नसलेले. ते वेगळे केले नाहीत तर रोगाचा वेग चुकतो आणि विहीरही सापडत नाही. अनिश्चितता नीट मोजली तर ती शोधाची दिशा देते, याचे हे जुने आणि ठळक उदाहरण आहे.

आजचा आकडा आजचा नसतो

प्रतिरूपाला लागणारा कच्चा माल म्हणजे नोंदी, आणि नोंदी नेहमी उशिरा व अपुऱ्या येतात. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही दिवस जातात. मग रोगी दवाखान्यात जातो, स्वॅब घेतला जातो, अहवाल येतो आणि त्यानंतर आकडा जाहीर होतो. कोविडच्या पहिल्या महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले स्वॅब तपासणीसाठी मिरजेला पाठवावे लागत. जून २०२० मध्ये रत्नागिरीतच प्रयोगशाळा सुरू झाली. तोवर जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात ज्या दिवशी आकडा कळे, त्या दिवसापर्यंत परिस्थिती केव्हाच पुढे सरकलेली असे.

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या मृत्यूंच्या आकड्यात आधी न नोंदलेले १३२८ मृत्यू एकदम मिळवले गेले. त्यांपैकी ८६२ मुंबईतले होते. तक्ता जसाच्या तसा प्रतिरूपाला दिला असता, तर त्या दिवशी रोग अचानक अतिशय घातक झाला असे उत्तर आले असते. बदल रोगात नव्हता, वहीत होता.

यावर उपाय असा: रोग कसा पसरतो याच्या समीकरणाबरोबर नोंद कशी होते याचेही समीकरण मांडायचे. मागच्या आठवड्यांतल्या नोंदी किती दिवसांनी भरत गेल्या हे पाहून चालू आठवड्याच्या अपुऱ्या आकड्यात किती भर पडेल याचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज पट्ट्याच्या रूपात दाखवतात. जुन्या तारखांना पट्टा अरुंद असतो आणि आजच्या तारखेकडे येताना तो रुंदावत जातो.

नोंदीत कधीच न येणाऱ्या लागणी हा त्याहून मोठा प्रश्न आहे. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या विभागांत ६९३६ जणांचे रक्त तपासले. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे सापडली. जाहीर रुग्णसंख्येच्या कितीतरी पट लोकांना नकळत लागण होऊन गेली होती. दोन वस्त्यांतली तफावतही महत्त्वाची. संपूर्ण शहरासाठी एकच टक्केवारी धरली असती, तर ती दोन्हीकडे चुकीची ठरली असती.

लहान फरक, मोठा परिणाम

समीकरणांतल्या ज्या संख्या बाहेरून भराव्या लागतात त्यांना प्राचल म्हणतात. त्यांत सर्वांत परिचित म्हणजे प्रसारांक: एका रोग्यापासून सरासरी किती जणांना लागण होते, ती संख्या. कोविडच्या काळात बातम्यांतून तिचा उल्लेख ‘आर व्हॅल्यू’ असा होई. ती एकाहून अधिक असेल तर साथ वाढते, कमी असेल तर विझते.

प्राचलातली लहानशी चूक काळाबरोबर फुगत जाते. रोगी दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील, तर महिन्याभरात एकाचे १०२४ होतात. चार दिवसांनी दुप्पट होत असतील, तर सुमारे १८० होतात. सुरुवातीच्या मोजक्या नोंदींवरून तीन दिवस की चार, हे ठामपणे सांगणे फार अवघड असते. दुपटीच्या काळात फरक एका दिवसाचा, पण महिनाअखेरच्या आकड्यांत सहापटीच्या जवळ जाणारा फरक पडतो.

साथीचा एकूण आकारही असाच संवेदनशील असतो, विशेषतः प्रसारांक एकाच्या आसपास असताना. सव्वा लाख लोकसंख्येचा तालुका धरू; गुहागर तालुक्याची लोकसंख्या याच्या जवळपास आहे. साध्या प्रतिरूपानुसार प्रसारांक १.१ असेल तर साथ संपेपर्यंत सुमारे १८ टक्के, म्हणजे २२ हजार लोकांना लागण होते. तोच १.३ असेल तर सुमारे ४२ टक्के, म्हणजे ५३ हजार जणांना. नोंदींवरून प्रसारांक ‘१.१ ते १.३ च्या दरम्यान’ असा निघाला, तर शास्त्रीय दृष्टीने तो बराच अचूक म्हणावा लागेल. पण तालुक्याच्या रुग्णालयासाठी २२ हजार आणि ५३ हजार ही दोन वेगळी संकटे आहेत.

म्हणून प्रत्येक प्राचलाला एकच किंमत न देता संभाव्य किमतींचा पल्ला देतात. संगणकावर त्या पल्ल्यातून हजारो वेळा किमती उचलून दरवेळी पूर्ण साथ चालवून पाहतात. हजारो वक्रांचा जो झुबका तयार होतो, त्यातून ‘दहापैकी नऊ वेळा आकडा या दोन टोकांच्या आत राहिला’ असे सांगता येते. कोणते प्राचल हलवल्यावर उत्तर सर्वाधिक हलते, हेही कळते. त्याला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. पुढची चौकशी आणि पुढचा पैसा कोणत्या मोजमापावर खर्च करावा, हे त्यावरून ठरते.

पहिला रोगी आणि योगायोग

रत्नागिरी जिल्ह्यातला कोविडचा पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये गुहागर तालुक्यात आढळला. लागण परदेश प्रवासातून आलेली होती. अशा एका रोग्यापासून पुढे काय होईल, हे सरासरीच्या समीकरणाला सांगता येत नाही. रोगी हजारोंनी असताना योगायोग एकमेकांना छेद देतात आणि सरासरी टिकते. रोगी एकच असताना तो कोणाच्या घरी गेला, कोणत्या एस्टीत बसला, यावर सगळे अवलंबून असते.

समजा प्रसारांक ३ आहे आणि प्रत्येक रोगी साधारण सारख्याच प्रमाणात रोग पसरवतो. तर एका रोग्यापासून सुरू झालेली साखळी आपोआप तुटण्याची शक्यता सुमारे ६ टक्केच असते. पण बहुतेक रोगी कोणालाच लागण देत नसतील आणि मोजके रोगी अनेकांना देत असतील, तर चित्र पालटते. सार्सच्या २००३ च्या साथीत हीच विषमता दिसली. तितकी विषमता धरून आणि प्रसारांक ३ च ठेवून हिशेब केला, तर साखळी तुटण्याची शक्यता सुमारे ७६ टक्के निघते. सरासरी तीच, भवितव्य अगदी वेगळे.

याचे दोन निष्कर्ष आहेत. पहिला रोगी सापडूनही तालुक्यात साथ उसळली नाही, म्हणजे रोग सौम्य होता असे सिद्ध होत नाही. आणि जिथे साथ उसळली, तिथल्या लोकांनी निष्काळजीपणा केलाच असेल, असेही म्हणता येत नाही. लहान वाड्यांच्या प्रदेशात प्रतिरूप करताना म्हणून सरासरीची समीकरणे सोडून योगायोग धरणारी प्रतिरूपे वापरतात. ती उत्तर एका वक्रात देत नाहीत, ‘साथ विझण्याची शक्यता इतकी, पसरण्याची इतकी’ अशा भाषेत देतात. ही अनिश्चितता अधिक नोंदी गोळा करूनही संपत नाही, कारण ती अज्ञानातून आलेली नाही. घटनाच तशी असते.

लोकसंख्या म्हणजे नेमके कोण

प्रतिरूपाची बांधणी हाही अनिश्चिततेचा उगम आहे. साध्या प्रतिरूपात लोकसंख्या स्थिर असते आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडण्याची शक्यता सारखी मानलेली असते. कोकणात ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्यांमागे मुंबईला गेलेला चाकरमानी आहे. शिमग्याला आणि गणपतीला तो गावी येतो, बंद घरे उघडतात आणि वाडीची वस्ती काही दिवसांत फुगते. मग समीकरणातली ‘एकूण लोकसंख्या’ कोणती धरायची: जनगणनेची, भाद्रपदातली की पावसाळ्याच्या सुरुवातीची? गावात मागे राहिलेल्यांत वृद्धांचे प्रमाण अधिक असेल, तर मृत्यूचा दरही मुंबईवरून उचलता येत नाही. एका घरात चार पिढ्या एकत्र येण्याचा काळ आणि मुंबईहून लागण येण्याचा काळ हे दोन्ही एकच असतात.

अशा वेळी प्रतिरूपात ठिकाणे वेगळी करून त्यांच्यातली ये-जा घालावी लागते, किंवा प्रत्येक माणूस वेगळा धरावा लागतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मुंबईसाठी या दुसऱ्या प्रकारचे प्रतिरूप केले. त्यात शहराची सव्वा कोटीच्या घरातली लोकसंख्या संगणकात एकेक माणूस म्हणून उभी केली होती: त्याचे घर, कामाची जागा, लोकलचा प्रवास. असे प्रतिरूप वास्तवाच्या जवळ जाते, पण त्यात भरावयाच्या संख्याही वाढतात आणि प्रत्येक संख्या स्वतःची अनिश्चितता घेऊन येते. तपशील वाढला म्हणून खात्री वाढतेच असे नाही. प्रश्नाला जेवढी गुंतागुंत लागते तेवढीच घालणे, हे या कामातले कौशल्य आहे.

भाकीत आणि परिस्थितीचित्र

वादळाच्या अंदाजाने वादळाची दिशा बदलत नाही. साथीच्या अंदाजाने माणसे सावध होतात आणि साथच बदलते. म्हणून या शास्त्रात दोन प्रकारची विधाने वेगळी ठेवावी लागतात. ‘पुढच्या दोन आठवड्यांत एवढे रोगी होतील’ हे भाकीत. ‘काहीच केले नाही तर चार महिन्यांत एवढे होतील’ हे परिस्थितीचित्र.

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ असताना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सप्टेंबरमध्ये असे परिस्थितीचित्र मांडले. उपाय वाढवले नाहीत तर लायबेरिया आणि सिएरा लिओन या दोन देशांत २० जानेवारी २०१५ पर्यंत साडेपाच लाख रोगी होतील, न नोंदलेले धरल्यास चौदा लाख, असा तो हिशेब होता. संपूर्ण साथीत नोंदलेले रोगी सुमारे २८,६०० झाले. आकडा खोटा ठरला असे अनेकांना वाटले. पण त्याच अहवालात उपचार केंद्रे आणि सुरक्षित दफन वाढवल्यास साथ उतरेल, असेही दाखवले होते, आणि मदत मोठ्या प्रमाणावर पोहोचली. तरीही एक दोष राहतोच: माणसे स्वतःहून वागणे बदलतील, ही शक्यता त्या मोठ्या आकड्यात धरलेली नव्हती.

भारतात उलट्या दिशेने धडा मिळाला. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीत एम. विद्यासागर, मणींद्र अग्रवाल आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांचा समावेश होता. समितीच्या प्रतिरूपाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की शिखर सप्टेंबरमध्येच होऊन गेले असून खबरदारी चालू राहिल्यास फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रोगी फार थोडे उरतील. शिखर ओळखण्यात ते बरोबर होते आणि रोगी फेब्रुवारीपर्यंत घटतही गेले. मग दुसरी लाट आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात दिवसाला ६० हजारांहून अधिक आणि मे महिन्याच्या सुरुवातीस देशात चार लाखांहून अधिक नवे रोगी नोंदले जाऊ लागले. विषाणूचा प्रकार बदलला होता आणि वावरही वाढला होता. जुन्या वक्रातून काढलेली प्राचले नव्या परिस्थितीला लागू नव्हती. ‘खबरदारी चालू राहिल्यास’ ही अट विधानात होती, पण ऐकणाऱ्यांपर्यंत फक्त फेब्रुवारी पोहोचला.

अनिश्चितता हाताळण्याच्या रीती

नव्या रोगाच्या पहिल्या आठवड्यांत स्थानिक नोंदी जवळजवळ नसतात. तेव्हा इतर ठिकाणच्या किंवा सजातीय रोगांच्या माहितीवरून प्राथमिक समजूत रुंद पल्ल्याच्या रूपात मांडतात आणि नोंदी येतील तसा तो पल्ला अरुंद करत जातात. अठराव्या शतकातील थॉमस बेज यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत आहे. आधी काय वाटत होते आणि नोंदींनी काय बदलले, हे दोन्ही तिच्यात उघड राहते.

दुसरी रीत अनेक प्रतिरूपे एकत्र करण्याची. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या गृहीतकांवर केलेले अंदाज एकत्र केले, तर एकाची चूक दुसऱ्याने काही अंशी भरून निघते. अमेरिकेत कोविडच्या काळात डझनावारी गटांचे साप्ताहिक अंदाज असे एकत्र केले गेले आणि एकत्रित अंदाज बहुतेक स्वतंत्र अंदाजांपेक्षा सातत्याने सरस ठरला. मात्र सर्वच प्रतिरूपांत एकच चुकीचे गृहीतक असेल, तर सरासरी घेऊन ती चूक जात नाही.

तिसरी रीत मागे वळून तपासण्याची. ‘९० टक्के खात्री’ असे लिहिलेल्या शंभर पट्ट्यांपैकी सुमारे नव्वदांत खरा आकडा पडला पाहिजे. साठच वेळा पडला, तर प्रतिरूप स्वतःवर फाजील विश्वास ठेवत आहे. शंभरही वेळा पडला, तर पट्टा इतका रुंद आहे की त्याचा उपयोग नाही. भारतीय हवामान विभाग मान्सूनचा अंदाज दीर्घकालीन सरासरीची टक्केवारी आणि तीत काही टक्के कमी-जास्त, अशा स्वरूपात देत आला आहे. शेतकऱ्यांना ही भाषा परिचित आहे. साथीचा अंदाजही त्याच स्वरूपात देता येतो आणि हंगामानंतर तपासता येतो.

निर्णय कसा घ्यायचा

अनिश्चितता पूर्ण मिटेपर्यंत थांबता येत नाही, कारण थांबणे हाही एक निर्णय असतो. ऑगस्ट २०२० मध्ये कोकणापुढे हाच प्रश्न होता. २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. गावोगावची ग्राम कृती दले मुंबईहून येणाऱ्यांसाठी १४ दिवसांच्या विलगीकरणाचा आग्रह धरत होती. चाकरमान्यांकडे तेवढी रजा नव्हती. राज्य सरकारने १२ ऑगस्टपर्यंत येणाऱ्यांसाठी १० दिवसांचे विलगीकरण आणि त्यानंतर येणाऱ्यांसाठी चाचणी असा नियम केला.

१४ आणि १० या आकड्यांमागे अनिश्चिततेचाच हिशेब आहे. २०२० च्या सुरुवातीच्या अभ्यासांनुसार कोविडची लक्षणे लागणीनंतर निम्म्या रोग्यांत पाच दिवसांच्या आसपास दिसत, पण काहींत बराच उशीर होई. लक्षणे दिसणाऱ्या शंभर रोग्यांपैकी दहा दिवसांनंतर लक्षणे दिसणारे सुमारे पाच आणि चौदा दिवसांनंतर दिसणारे सुमारे एक. चार दिवस वाढवल्याने शंभरातले चार जण अधिक सापडतात. त्या चार जणांपायी वाडीतल्या वृद्धांना होणारा धोका एका पारड्यात आणि हजारो कुटुंबांची रजा, मजुरी व घरचा गणपती दुसऱ्यात. प्रवासाआधीची चाचणी हा तिसरा मार्ग, पण लागण होऊन एखाद-दुसराच दिवस झाला असेल तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. गणित पारड्यांतली वजने सांगू शकते. कोणते पारडे जड मानायचे, हे समाज आणि शासन यांनी ठरवायचे असते.

अशा निर्णयांत एक तत्त्व उपयोगी पडते. सर्वांत संभाव्य आकड्यासाठी सर्वोत्तम ठरणारा उपाय निवडण्यापेक्षा, पल्ल्याच्या दोन्ही टोकांना बऱ्यापैकी निभावून नेणारा उपाय निवडावा. २२ हजार आणि ५३ हजार यांतले काय होईल हे माहीत नसेल, तर लागल्यास दोन दिवसांत वाढवता येतील अशा खाटा, प्राणवायूचा आधीच केलेला करार आणि आठवड्याला फेरविचार हे तिन्ही दोन्ही टोकांना कामी येतात. चूक कोणत्या बाजूची महाग आहे, हेही पाहावे लागते. रिकाम्या राहिलेल्या खाटांचा खर्च भरून निघतो. न मिळालेल्या खाटेचा भरून निघत नाही.

लोकांसमोर अंदाज मांडताना चार गोष्टी सोबत असल्या तर तो पारखता येतो: आकड्याचा पल्ला, तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, कोणती गोष्ट बदलली तर तो रद्द होईल, आणि पुढचा फेरअंदाज कधी येणार. यांतल्या दुसऱ्या गोष्टीचा पायंडा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी मुंबईच्या प्लेगवर काम करतानाच घालून दिला होता. त्यांचा वक्र मुंबईच्या ठिपक्यांवर नेमका बसला होता, तरीही त्यांनी त्याच्या जोडीला आपली गृहीतके लिहिली आणि ती पूर्णपणे खरी नाहीत हेही लिहिले. पंच्याऐंशी वर्षांनी बाकाएर यांनी तेच काम पुढे नेले.